रेमिशनचे पेढे

‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरासाठी संपादकांनी माझ्याकडे मूळ मागितले होते ते टर्म इन्शुरन्सवर काहीतरी. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टर नाही आणि सी.पी.ए.ही नाही. पण मंडळात ज्याला एक्सेल बरे चालवता येते त्याला पैशाचे कळते असा आपल्याकडे समज आहे, आणि तो मीही आजवर कधी खोडून काढला नव्हता. त्या लेखाऐवजी हा लेख पाठवत आहे. विषय माझ्या थोरल्या भावाच्या दुखण्याचा आहे. लिहू का, असे दादाला विचारले तेव्हा त्याने एकच अट घातली. “दुर्धर आजार, प्रदीर्घ आजारपण असलं काही लिहू नकोस. ब्लड कॅन्सर लिही. आणि तो डोक्यात गेला होता हेही लिही.”

तुमच्यापैकी बहुतेकांना हे प्रथमच कळत असेल, कारण पंधरा-सोळा महिने आम्ही ते तुमच्यापासून व्यवस्थित लपवले. दादा दिसत नाही, असे विचारणाऱ्यांना आम्ही पाठीचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले होते. सांगलीला आई-बाबांना सांगितले की रक्त कमी झाले आहे. दादाच्या ऑफिसात त्याच्या मॅनेजरला त्याहून वेगळे काहीतरी सांगितले होते, ते मला आता आठवतही नाही. या लपवण्याची आम्हाला काय किंमत पडली ते मांडावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. काहींना हे आवडणार नाही याची कल्पना आहे.

२०२२ च्या गणपतीत दादाच्या हिरड्या सुजल्या होत्या. मोदक खातानाही रक्त येई. डेंटिस्टने दोनदा साफसफाई करून दिली, आणि तिसऱ्या वेळी त्यानेच ब्लड काउंट करून घ्यायला सांगितले. निरोगी माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला साधारण चार ते अकरा हजार असतात. दादाच्या निघाल्या ब्याण्णव हजार. त्याच रात्री तो अ‍ॅडमिट झाला. निदान झाले अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे ए.एम.एल. डॉक्टरांनी पुढे सांगितले की त्याच्या रोगी पेशींमध्ये सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसला आहे, आणि ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे, कारण ही जात औषधांना चांगली दाद देते. त्यामुळे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लगेच न करता राखून ठेवायचे ठरले. आम्ही त्यातला ‘चांगली’ हा शब्द तेवढा उचलला. याच जातीत, आणि त्यातही पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या असल्या तर, रोग रक्ताबाहेर गाठ धरून बसण्याचा किंवा मेंदूकडे जाण्याचा धोका अधिक असतो, हेही त्यांनी सांगितले होते. ते माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. नंतर पुष्कळ उशिरा सापडले.

सात दिवस एक औषध व त्यातले तीन दिवस जोडीला दुसरे, अशी पहिली केमोथेरपी झाली. महिनाभर हॉस्पिटल. मग सायटाराबीन या औषधाचे मोठ्या मात्रेचे चार राउंड झाले. हे औषध मोठ्या मात्रेत लहान मेंदूला त्रास देऊ शकते, म्हणून प्रत्येक डोसाआधी नर्स दादाला कागदावर एक वाक्य लिहायला लावी आणि आदल्या दिवशीच्या अक्षराशी ताडून पाही. दादा मुद्दाम मराठीत लिही. नर्सला देवनागरी येत नसे, पण रेषा वाकडी झाली तर तिला कळले असते. ते कागद वहिनींनी जपून ठेवले आहेत. बहुतेकांवर ‘आज जेवण बेचव होते’ असेच लिहिलेले आहे.

मार्च २०२३ मध्ये उपचार संपले. बोन मॅरो साफ. जनुकीय चाचणीतही रोगाचा मागमूस नाही. मणक्यातून पाणी काढून तपासले होते, तेही स्वच्छ. डॉक्टर ‘रेमिशन’ म्हणाले आणि आम्ही ओक ट्री रोडवरून चार पौंड पेढे आणले. ते कशाचे हे सांगायची सोय नव्हती, म्हणून पुतणीला शाळेत बक्षीस मिळाल्याचे सांगून वाटले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. कोणते बक्षीस, असे मंडळात एका काकूंनी तिला विचारले तेव्हा ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली.

रेमिशन म्हणजे बरे होणे नव्हे, हे इथे जरा सविस्तर सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जेतल्या रोगी कोवळ्या पेशी पाच टक्क्यांच्या खाली गेल्या आणि निरोगी रक्त पुन्हा तयार होऊ लागले की त्याला रेमिशन म्हणतात. हल्ली त्याहून कितीतरी सूक्ष्म चाचण्या आहेत आणि दादाच्या त्याही स्वच्छ होत्या. पण या सगळ्या चाचण्या सांगतात त्या रक्ताबद्दल आणि मज्जेबद्दल. मेंदूचे घर वेगळे आहे. आपल्या जुन्या वाड्यांत सोवळ्याचे स्वयंपाकघर असे, तसे ते समजा. ओसरीवर कोणीही यावे, आत मात्र सोवळे नेसल्याशिवाय प्रवेश नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असा एक पडदा आहे, आणि बरीचशी औषधे त्याच्या अलीकडेच थांबतात. एखाददुसरी रोगी पेशी आत शिरली तर तिला तिथे अभय मिळते. ओसरी झाडून लख्ख झाली तरी आतले कोणी पाहिलेले नसते.

लहान मुलांच्या ल्युकेमियात हे डॉक्टरांना फार पूर्वी कळले. १९६२ मध्ये मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झाले त्या काळात औषधांनी मुलांचे रक्त साफ होई, मुले घरी जात, आणि काही महिन्यांनी डोकेदुखी व उलट्या घेऊन परत येत. रोग मेंदूच्या आवरणात उरलेला असे. डॉ. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग रक्ताबरोबर मेंदूवरही, रोग तिथे दिसण्याआधीच, उपचार करायला सुरुवात केली. मुलांच्या त्या ल्युकेमियात बरे होण्याचे प्रमाण आज श्रीमंत देशांत नव्वद टक्क्यांच्या आसपास गेले आहे, त्याची ही एक मोठी पायरी. पेशी आत कशा शिरतात याचा एक रस्ता ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवला. त्याच जातीच्या ल्युकेमियाच्या पेशी पडदा फोडत नाहीत. कवटीच्या आणि मणक्यांच्या हाडांतल्या मज्जेतून मेंदूच्या आवरणापर्यंत बारीक रक्तवाहिन्या जातात, त्यांच्या बाहेरच्या अंगाला धरून त्या सरकत जातात. थोडक्यात, मागल्या दाराने.

मोठ्यांच्या ए.एम.एल.मध्ये मेंदूत रोग जाणे तेवढे सर्रास नाही आणि तिथे त्याची घट्ट गाठ होणे तर विरळाच. पण होते. हिला आज मायलॉइड सार्कोमा म्हणतात. जुने नाव क्लोरोमा. स्कॉटलंडच्या अ‍ॅलन बर्न्सने १८११ मध्ये अशा गाठीचे वर्णन केले होते, आणि कापल्यावर ती हिरवट दिसते म्हणून १८५३ मध्ये तिला ग्रीक भाषेतल्या ‘हिरव्या’वरून हे नाव मिळाले. हा हिरवेपणा त्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या द्रव्याचा. ब्लड कॅन्सर म्हटला की तो रक्तात पातळ वाहणार, गाठ व्हायची ती दुसऱ्या कॅन्सरात, अशी माझी इंजिनिअरिंगच्या डिग्रीसकट समजूत होती.

डिसेंबर २०२३ पासून दादाचे डोके दुखू लागले. सकाळी उठल्यावर अधिक, दहा वाजेपर्यंत कमी. दोनदा उलटीही झाली, ती आम्ही आदल्या रात्रीच्या मिसळीच्या खात्यावर टाकली. दादाने फोन करून मला विचारले. मी म्हणालो, “अरे, दिवसभर दोन मॉनिटर समोर. नंबर वाढला असेल.” आणि मी त्याला निळा प्रकाश अडवणारा चाळीस डॉलरचा चष्मा मागवून दिला. वहिनी म्हणाल्या होत्या, “भावोजी, एकदा कॅन्सर सेंटरला फोन करू का?” मी म्हणालो, गेल्याच महिन्यात रक्त तपासलंय ना, साफ आहे, उगाच कशाला. हे वाक्य माझे आहे. ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

दादाला दूरचे दोन-दोन दिसू लागले होते. हायवेवर पुढच्या गाडीचे चार लाल दिवे दिसत. हे त्याने कोणालाच सांगितले नाही. एक डोळा किंचित मिटून तो ऑफिसला गाडी चालवत होता.

२० जानेवारी २०२४ ला आपल्या मंडळाची संक्रांत होती. शाळेच्या कॅफेटेरियात जेवण होते, नंतर मुलांचे नाटक. दादा आला होता. आपल्या मंडळातले एक निवृत्त डॉक्टर काका त्याच्या समोरच्या टेबलावर बसले होते. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. त्यांनी पाहिले की दादा मान एका बाजूला वळवून स्टेजकडे बघतो आहे आणि तिळगूळ घेताना त्याचा हात वाटीच्या शेजारी पडला. काकांनी मला हे मार्चमध्ये सांगितले. त्यांचे शब्द असे होते, “मला वाटलं, पाठीचं ऑपरेशन झालंय, मान आखडली असेल. ल्युकेमिया होऊन गेलेला माणूस आहे हे मला माहीत असतं तर मी त्याला तिथून घरी जाऊ दिलं नसतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते अधिक लागले. ज्या माणसाला ती खूण वाचता येत होती तो सहा फुटांवर बसला होता, आणि वाचायला लागणारी एक ओळ आम्ही त्याच्यापासून दडवली होती.

६ फेब्रुवारीच्या रात्री स्वयंपाकघरात दादाला फिट आली. अ‍ॅम्ब्युलन्सने जवळच्या हॉस्पिटलात नेले. हे त्याचे कॅन्सर सेंटर नव्हे. तिथल्या कॉम्प्युटरवर त्याची जुनी कागदपत्रे नव्हती. इमर्जन्सीतल्या नर्सने वहिनींना विचारले, पूर्वीचा काही आजार? आणि वहिनी म्हणाल्या, काही नाही, ते ठणठणीत असतात. पंधरा-सोळा महिने तोंडाला जी सवय लावली होती ती त्या वेळी बोलली. मी शेजारी उभा होतो. मी दुरुस्त केले नाही. का केले नाही याचे उत्तर मी पुष्कळ शोधले आहे.

सी.टी. स्कॅनमध्ये उजव्या बाजूला, मेंदूच्या आवरणाला चिकटलेली साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. ज्यांना आमची हकीकत माहीत नाही त्यांनी तिला मेनिन्जिओमा म्हणजे आवरणाची साधी गाठ समजावे यात काही नवल नव्हते, स्कॅनवर दोन्ही बऱ्याच सारख्या दिसतात. साधी गाठ बहुधा बिनविषारी असते, सावकाश काढली तरी चालते. डॉक्टरांनी आम्हाला धीर दिला आणि आम्ही, विश्वास ठेवा, खूश झालो. पहाटे पाचच्या सुमारास वहिनींनी नर्सला बोलावून सगळे सांगितले. त्यानंतर अर्ध्या तासात त्या खोलीतली धावपळच बदलली. कॅन्सर सेंटरला फोन गेला. कॉन्ट्रास्ट देऊन एम.आर.आय. झाला. प्लेटलेट्स पाहून गाठीचा तुकडा तपासायला घेतला. त्यात मायलोपेरॉक्सिडेज सापडले. मेंदूत गाठ होती, पण तो मेंदूचा कॅन्सर नव्हता. जुनाच रोग तिथे मुक्काम करून होता. रक्त आणि बोन मॅरो त्या दिवशीही साफ होते.

या फरकाला किती महत्त्व आहे ते मला तेव्हा कळले. मेंदूची गाठ म्हटले की आपल्याला ऑपरेशन सुचते. इथे ऑपरेशन हा उपाय नव्हे. गाठ एकाच जागी दिसली तरी रोग सगळ्या रक्ताचा आहे, आणि केवळ ती गाठ काढली किंवा जाळली तर पुढे मज्जेत रोग उलटण्याची भीती राहते. म्हणून पुन्हा मोठ्या मात्रेचे सायटाराबीन, कारण ते पडद्यापलीकडे पोचते. डोक्याला किरणोपचार. शिवाय मेंदूभोवतीच्या पाण्यात थेट औषध. त्यासाठी दादाच्या टाळूच्या कातडीखाली प्लास्टिकची एक छोटी घुमटी बसवली, म्हणजे दर वेळी पाठीत सुई घालायला नको. हिला ओमाया रिझर्व्हॉयर म्हणतात. पाकिस्तानातून येऊन अमेरिकेत न्यूरोसर्जन झालेल्या अयुब ओमाया यांनी ती १९६३ मध्ये तयार केली. मुलांच्या ल्युकेमियात मेंदूभोवतीच्या पाण्यात जे मेथोट्रेक्सेट देतात त्याच्या पाठीमागे आंध्रातल्या भीमावरमहून बॉस्टनला आलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेने बनवलेले अमिनोप्टेरिन डॉ. सिडनी फार्बर यांनी वापरले आणि १९४८ मध्ये सोळा मुलांची हकीकत छापली, त्यातल्या दहांना काही काळ गुण आला होता. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच धाकटे भावंड. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत सी.ई.ओ. मंडळींचे इतके फोटो असतात, त्यांत कधीतरी या दोघांनाही जागा द्यावी असे मला वाटते.

आता पैशाकडे वळतो, कारण सदराच्या नावात तो आहे आणि माझी दुसरी चूक तिथलीच आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दादाच्या ऑफिसात पुढच्या वर्षाचा हेल्थ प्लॅन निवडायचा होता. त्याने मला विचारले. मी रीतसर स्प्रेडशीट केली. जुन्या प्लॅनपेक्षा महिना १९० डॉलर स्वस्त असा एक प्लॅन होता. डिडक्टिबल मोठे, डॉक्टरांची यादी छोटी. ‘मोठा आजार’ या रकान्यात मी शून्य भरले. रेमिशन होते ना! त्या शून्यामुळे स्वस्त प्लॅन वर्षाला २,२८० डॉलरने जिंकला. दादाचे कॅन्सर सेंटर त्या छोट्या यादीत नव्हते. मी पाहिलेसुद्धा नव्हते.

फेब्रुवारीत हे समजले. पहिल्या रात्रीच्या इमर्जन्सीच्या बिलात, २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे, यादीबाहेरचा दर कोणी लावू शकत नव्हते. पण पुढचे उपचार यादीतल्या दुसऱ्या हॉस्पिटलात घ्यावे लागले, आणि ज्या डॉक्टरांनी त्याची पहिली लढाई लढवली होती ते फोनवरचे सल्लागार झाले. अखेर एप्रिलमध्ये वहिनींनी लायब्ररीतली अर्धवेळ नोकरी पूर्णवेळ करून घेतली, तिच्या प्लॅनमध्ये ते सेंटर होते. जुना आजार आहे म्हणून ग्रुप प्लॅन आता कोणाला नाकारू शकत नाही, ही मोठीच सोय. मात्र नव्या प्लॅनचे मीटर पुन्हा शून्यापासून सुरू झाले. प्लॅनच्या यादीतल्या उपचारांसाठी वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकते यावर कायद्याची मर्यादा आहे. एका माणसाला २०२२ मध्ये ती ८,७०० डॉलर होती, २०२३ मध्ये ९,१००, २०२४ मध्ये ९,४५०. पण ती वर्षाची आणि त्या प्लॅनची मर्यादा. दादाचे पहिले दुखणे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालले, म्हणजे दोन वर्षांच्या दोन मर्यादा. दुसऱ्या वेळी एका वर्षात दोन प्लॅन, पुन्हा दोन. चार वेळा कमाल भरली. माझ्या १९० डॉलरच्या बचतीचा हिशेब वाचकांनीच करावा.

रजेचेही तसेच. एफ.एम.एल.ए. कायद्याखाली बारा आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा मिळते. त्याच मालकाकडे बारा महिने झालेले असावे लागतात आणि गेल्या वर्षात १,२५० तास भरलेले असावे लागतात. वहिनींची नोकरी दोन वर्षे जुनी असली तरी अर्धवेळचे तास त्यात बसेनात. आणि मी? केंद्राच्या त्या कायद्यात नवरा-बायको, मुले, आई-वडील आहेत, भाऊ नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो हे नशीब, कारण या राज्याच्या कायद्यात २०१९ पासून भाऊ-बहीणही आहेत आणि काही पगारही मिळतो. हे मला एच.आर.मधल्या बाईंनी सांगितले, आणि तेही केव्हा, तर मी तिला भावाला काय झाले आहे ते सांगितल्यावर. दादाने पहिल्या दुखण्यात एच.आर.ला कागद देताना हातचे राखले होते. प्रोजेक्टवरून काढतील, ही भीती. भीती अगदीच खोटी होती असे म्हणणार नाही, पण असे वैद्यकीय कागद मॅनेजरच्या हाती पडत नाहीत, वेगळ्या फाइलीत ठेवावे लागतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. नोकरीला लागताना विनातपासणी मिळणारा लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा त्याने महिन्याच्या बावीस डॉलरसाठी नको म्हटला होता. आता तो घ्यायचा तर तब्येतीची प्रश्नावली भरावी लागते. तरुण वाचकांनो, उद्या ऑफिसात गेल्यावर तेवढे एक पाहून घ्या.

ट्रान्सप्लांटसाठी दाता शोधायची वेळ आली तेव्हा लपवण्याचे तिसरे बिल आले. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माझे अर्धेच जुळले. मग रजिस्टर. गोऱ्या रुग्णाला अमेरिकेतल्या रजिस्टरमध्ये पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाहून जास्त, आशियाई रुग्णाला निम्म्याहून कमी. हे गुण पिढ्यान्‌पिढ्या वंशातून येतात, त्यामुळे आपल्याशी जुळणारा माणूस बहुधा आपल्यातच असतो, आणि आपण नाव नोंदवत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढेच काम असते. अठरा ते चाळीस वयाच्या निरोगी माणसाला ते करता येते. २०२३ चे सबंध वर्ष आमच्या हातात होते. गणपतीत एक टेबल मांडले असते तर दोन-तीनशे नावे सहज झाली असती. पण टेबल कोणासाठी, असे कोणीतरी विचारले असते ना!

पूर्ण जुळणारा मिळाला नाही. हल्ली अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करता येते, म्हणून जुलै २०२४ मध्ये माझ्याच पेशी दादाला दिल्या. पाच दिवस इंजेक्शने घेतली, हाडे फ्लूसारखी दुखली, सहाव्या दिवशी मशीनला पाच-सहा तास बसलो. याहून अधिक त्रास मला मुंजीत झाला होता.

सांगलीला शेवटी मीच फोन केला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दीड वर्ष मी त्याला बीट आणि खजूर खा म्हणून सांगत होते. मला वेड्यासारखं बोलत ठेवलंत.” तिच्या ब्लडप्रेशरला काही झाले नाही. आम्ही ज्याला तिची काळजी म्हणत होतो त्यात आमची सोयच अधिक होती.

आता दुसरी बाजू. काही जण म्हणतील, आजार ज्याचा त्याचा, सांगायचे की नाही हा त्याचा हक्क. मान्य आहे. मंडळाच्या अंकात छापा असे मी कोणाला म्हणत नाही. लोक विचारपूस करतात तेव्हा नकोसे होते, कोणी गोमूत्र सुचवते, कोणी ज्योतिषाचा नंबर देते, हेही आम्ही भोगले. मुलीच्या लग्नात पुढे प्रश्न येतील, ही वहिनींच्या माहेरची शंका होती. मुलगी अजून शाळेत आहे आणि ए.एम.एल. सहसा आनुवंशिक नसतो, एवढेच त्यावर सांगतो. पण हक्क बजावताना त्याची किंमत माहीत असावी. पूर्वी ल्युकेमिया होऊन गेलेल्या माणसाचे सकाळी डोके दुखले, उलटी झाली, दोन-दोन दिसले, चेहऱ्याचा किंवा हनुवटीचा भाग बधिर झाला, चालताना तोल गेला, पायातली ताकद गेली, लघवीला अडचण आली, तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करायचा असतो, आणि ‘रक्त साफ आहे’ हे त्यावर उत्तर नव्हे. यातल्या निम्म्या गोष्टी रुग्णाला स्वतःला जाणवत नाहीत किंवा तो कबूल करत नाही. त्या दिसतात शेजारच्याला, कारपूलवाल्याला, समोरच्या टेबलावरच्या माणसाला. त्यांना माहीत नसेल तर ते बघूनही बघत नाहीत.

ट्रान्सप्लांटला सव्वा वर्ष होऊन गेले. दादाला अंगावर पुरळ येते, बालवाडीतल्या मुलासारख्या सगळ्या लसी पुन्हा घ्याव्या लागत आहेत, आणि दर तीन महिन्यांनी डोक्याचा एम.आर.आय. होतो. डॉक्टर ‘बरा झाला’ हा शब्द वापरत नाहीत आणि आम्हीही वापरत नाही. पेढे आणलेले नाहीत. मी एक कागद तयार केला आहे. त्यावर रोगाचे पूर्ण नाव, निदानाची तारीख, गुणसूत्राचा प्रकार, दिलेली औषधे व त्यांच्या एकूण मात्रा, कॅन्सर सेंटरचा रात्रीचा फोन, विमा, आणि वर दिलेल्या खुणा आहेत. एक प्रत फ्रिजवर, एक वहिनींच्या पर्समध्ये, एक दादाच्या टीमलीडकडे आणि एक डॉक्टर काकांच्या गाडीत.

२०२५ च्या कोजागिरीला दादा जरा मान वाकडी करून बसला होता. काका मसाला दुधाचा पेला ठेवून उठले, त्याच्याजवळ गेले, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “काय रे, दोन-दोन दिसतंय का तुला? माझ्या बोटाकडे बघ.” गप्पा थांबल्या. दादाने बोटाकडे बघितले. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. काकांचे समाधान झाले नाही, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना सेंटरला फोन करायला लावला, आणि एम.आर.आय. दहा दिवस आधी झाला. गाठ नव्हती. नव्या उशीमुळे मान आखडली होती.